तिरप्या खोलीतलं कपाट

नांदेडच्या माझ्या घरात एक खोली आहे. तिला कोपरे चार आहेत, पण एकही धड काटकोनात नाही. सुतारानं गुण्या लावून ते मला दाखवून दिलं, म्हणून खात्रीनं सांगतो.

ही खोली जन्मतः अशी नव्हती. २००८ साली नांदेडला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्तानं शहरातले रस्ते रुंद झाले आणि जुन्या वस्तीतल्या कितीतरी घरांचे पुढचे भाग गेले. आमच्या दारावरही खडूची रेघ आली. रेघ सरळ होती, घर तिरपं होतं. किंवा उलट म्हणा. ओसरी पूर्ण गेली आणि पुढच्या खोलीचा तिरपा तुकडा गेला. मागची भिंत चौदा फुटांची तशीच राहिली. एका बाजूला खोली अकरा फूट खोल उरली आणि दुसऱ्या बाजूला फक्त पाच. मध्ये नवी नऊ इंची भिंत आली. सुतार मामा पहिल्यांदा आत आले, उंबऱ्यावरच थांबले आणि म्हणाले, "सर, ही खोली न्हाई, ही पाचर हाय."

मामांना सगळी गल्ली मामाच म्हणते. मीही म्हणतो. ते मला कधी सर म्हणतात, कधी भाई. त्यांचं काम बरं चाललं असेल तर भाई.

आता या पाचरीत काय काय मावायला हवं होतं? अम्मीची लोखंडी ट्रंक, सहा गाद्या, हिवाळ्याच्या रजया, दोन मुलींचे कपडे आणि दप्तरं, पाहुण्यांसाठीची भांडी आणि माझी पुस्तकं. शिवाय एक गोष्ट अशी, की जी कवीच्या घराशिवाय दुसरीकडे सहसा आढळत नाही. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या न विकल्या गेलेल्या प्रती. मानधनाऐवजी प्रकाशकांनी त्या मला दिल्या होत्या. चारशे प्रती. एक प्रत दीडशे ग्रॅमची धरली तर साठ किलो कविता. मराठी कवितेला वजन नाही असं कुणी म्हणालं, की मला हे गणित आठवतं.

बाजारात जाऊन तयार कपाट आणणं हा पहिला विचार. पण तयार कपाट चौकोनी असतं. ते तिरप्या भिंतीला लावलं की मागे तिकोनी फट राहते. त्या फटीत झुरळं, हरवलेल्या पेन्सिली आणि विजेची जुनी बिलं जमा होतात. म्हणून ठरवलं, की या जागेच्या मापानंच कपाट बांधून घ्यायचं.

इथं थोडं मागं जातो. आपल्या मराठवाड्यात सामान ठेवण्याची जागा घरात आणून ठेवायची पद्धत मुळात नव्हतीच. ती भिंतीतच असायची. लातूर-नांदेडकडच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट, कुठं कुठं तीन फूट जाड. दगड आणि माती. त्या जाडीतच सगळा संसार बसवलेला. दिव्याची दिवळी, वस्तूंचे कोनाडे, दारं लावलेलं फडताळ. धान्यासाठी भिंतीत किंवा दोन भिंतींच्या मध्ये बळद. वरून ज्वारी ओतायची, खाली तोंडाशी काढायची. मोठ्या शेतकऱ्याचं अंगणात किंवा गढीत जमिनीखाली पेव. आज आपण 'शिकवण्यांचं पेव फुटलंय' असं सहज म्हणतो, ते हेच पेव. आमच्या घरात कोनाड्याला 'ताक' म्हणत. कुराण जुजदानात गुंडाळून सर्वांत उंच ताकात, त्याखाली अब्बांचा चष्मा, त्याखाली अम्मीची सुईदोऱ्याची डबी. शेजारच्या काकूंच्या घरी त्याच उंचीवर देव असत. घरातलं कोण किती मानाचं, ते कोनाड्याच्या उंचीवरून कळायचं.

सुताराला तिथं काम थोडंच. सगळी आखणी गवंडी करायचा आणि घर बांधतानाच करायचा. कपाट करायची वेळ नंतर येतच नसे.

माझ्या फुफीचं, म्हणजे अब्बांच्या बहिणीचं घर असंच होतं. गाव किल्लारीच्या अंगाला, औसा तालुक्यात. लहानपणी सुटीत मी तिथं असायचो. माजघराच्या मागच्या भिंतीत बळद आणि त्याच भिंतीला माजघराच्या बाजूनं फडताळ. फडताळात फुफीचं पितळी पानदान. आम्ही पोरं फडताळाचं दार उघडून मागच्या मातीला कान लावायचो. कुणी बळदात ज्वारी ओतत असेल तर आतून पावसासारखा आवाज यायचा.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र सरून गावं नुकती निजली होती. त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपानं मारलं असं आपण म्हणतो. खरं म्हणजे मारलं भिंतींनी. तीन फुटांची भिंत दिसायला गडाच्या तटासारखी, पण ती एकसंध नसते. बाहेरच्या अंगाचा एक दगडी थर, आतल्या अंगाचा एक, आणि मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. जमीन हलली, दोन थर एकमेकांपासून सुटले, पोट फुटल्यासारखी भर बाहेर आली. वर माळवदाची दोन-दोन फूट माती. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चढवत आणलेली.

आणि कोनाडा म्हणजे काय? त्या दोन थरांपैकी एक थर तेवढ्या जागेत कापून टाकणं. कोनाडा लहान असला तर भिंत सोसते. पण बळद आणि फडताळ एकाच भिंतीत समोरासमोर आले, की मध्ये उरतं काय?

फुफा त्या भिंतीशी झोपले होते. फुफी खांबाशी. त्या घरांमध्ये लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा वेगळा असतो, ज्यावरून आपण तीन खणांचं घर, पाच खणांचं घर असं मोजतो. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि हा सांगाडा उभा राहिला. फुफीच्या डोक्यावरची तुळई राहिली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. तेवीस वर्षांचा होतो. भिंतीच्या जागी दगडांचा ढीग होता आणि दगडांमधून ज्वारी वाहिलेली होती. फुफांना काढताना लोक दगडही उचलत होते आणि ओंजळीनं ज्वारीही उपसत होते. मग पाऊस लागला. पुढच्या आठवड्यात मी परत गेलो तेव्हा त्या ढिगावर ज्वारीला मोड आले होते.

यावर मी आजवर कविता लिहिलेली नाही. विषय तोही नाही. पण कपाट कुठं करावं हे सांगताना मला हे सोडून पुढं जाता येत नाही.

पुढं पुनर्वसन झालं. बावन्न गावं नव्या जागी वसवली. शेती किती, त्यावरून घर किती ते ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशे, त्यावर साडेसातशे. फुफीच्या वाट्याला चारशे आलं. घर पक्कं होतं, भिंती पातळ होत्या, पट्टे घातलेले होते. पण त्या भिंतींत एकही ताक नव्हता. दिवा कुठं ठेवायचा, कुराण कुठं ठेवायचं, ज्वारी कुठं भरायची, याचं उत्तर त्या नकाशात नव्हतं. वर्षभरात घराघरात पत्र्याच्या कोठ्या आल्या, दोऱ्या आल्या, खिळे आले. फुफीनं काय केलं? भिंतीच्या कडेनं गुडघ्याएवढी उंच लाकडी पेटी करून घेतली. लांबच लांब, वरून झाकणाची. दिवसा बसायला, रात्री झोपायला, आत सगळं सामान. भिंतीवर तिनं छातीच्या वर काही लावलं नाही. घड्याळसुद्धा नाही. फक्त कुराणासाठी एक छोटी फळी, दाराच्या बाजूला, जिथं खाली कुणी बसत नाही अशा जागी.

आता परत माझ्या पाचरीकडे येऊ.

मामा आणि मी कागद घेऊन बसलो. खोलीचं पाच फुटी टोक अगदीच बोळासारखं होतं. तिथं थोरल्या मुलीची खाट बसत होती, दुसरं काही बसत नव्हतं. मामा म्हणाले, "वरची जागा वाया चालली. सात फुटांवर माळा टाकू. तुमची पुस्तकं वर." मला ते इतकं पटलं, की मी लगेच हिशेब केला. साठ किलो कविता, ट्रंक आणि रजया वर. खाली खाट. प्लायवुडचा माळा, दोन्ही बाजूंच्या भिंतींत लोखंडी अँगल. प्लायवूड आणायला मी पैसेही काढून ठेवले.

त्याच सुमारास फुफी डोळ्यांच्या तपासणीसाठी नांदेडला आली होती. मामा भिंतीवर खडूनं माळ्याची रेघ ओढत होते. खाटेवर थोरली खेळत होती, चार वर्षांची. फुफीनं रेघेकडे पाहिलं, मग खाटेकडे. आमच्या दखनीत म्हणाली, "सर के ऊपर कायकू रखते रे बाबा?"

एवढंच. मामांना दखनी चांगली कळते. त्यांनी खडू खिशात टाकला.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. जागा किती आहे ते बाजूला ठेवलं आणि वस्तू मोजल्या. दोन दिवस सगळं सामान बाहेर काढून टेपनं मोजलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला विचाराल तर सगळी आखणी याच्यातच असते. साधं कवितेचं किंवा कादंबरीचं पुस्तक सहा इंचांहून खोल नसतं. दिवाळी अंक नऊ इंच खातो. म्हणजे पुस्तकाच्या फळीला दहा इंच खोली पुष्कळ झाली. आपण मात्र पुस्तकांची कपाटंही सव्वा-दीड फूट खोल करतो आणि मग दोन रांगा लावतो. मागच्या रांगेतलं पुस्तक दहा वर्षं दिसत नाही. ताटं, परात, डबे यांना सव्वा फूट. घडी घातलेल्या गादीला आणि हँगरवरच्या कपड्याला दोन फूट, त्याहून कमीत जमत नाही.

ही मापं कागदावर लिहिली तेव्हा मामांच्याच लक्षात आलं. म्हणाले, "सर, खोली तिरपी, तर कपाटबी तिरपंच करू." म्हणजे असं, की पुढच्या तिरप्या भिंतीला, दारापासून निमुळत्या कोपऱ्यापर्यंत आठ फूट लांबीचं एकच कपाट. दाराशी ते दहा इंच खोल, आणि कोपऱ्याकडे वाढत वाढत सव्वादोन फूट. दाराशी पुस्तकं, मध्ये भांडी आणि कागद, शेवटी गाद्या. वस्तू खोलीच्या क्रमानं लागल्या आणि मागं फटही राहिली नाही. बरं, कपाटाची समोरची बाजू भिंतीइतकी तिरपी नाही, त्यामुळे खोली डोळ्याला पूर्वीपेक्षा सरळ दिसू लागली. येणारे पाहुणे आधी दारातच मान तिरपी करत, ते थांबलं.

उंची चार फूटच ठेवली, कारण पाहुणे आले की त्याच्यासमोर गाद्या पडतात. फळ्या अठरा मिलिमीटरच्या प्लायवुडच्या, आणि अडीच फुटांवर मध्ये उभी फळी. आधार नसलेली लांब फळी पुस्तकांच्या वजनानं वर्षभरात पोट काढते. स्वयंपाकघरात मात्र कडप्प्याच्याच फळ्या घातल्या. काळ्या कडप्प्याला ना वाळवी, ना ओल, पण तो जड असतो. म्हणून ओट्याच्या खाली, वर नाही.

भिंत कोरून आत कपाट बसवायचं मनात आलं होतं. जागा वाचते. एका अभियंता मित्रानं सरळ नाही म्हणून सांगितलं. छताचा भार घेणारी भिंत आधीच नऊ इंचांची, तिच्यात साडेचार इंच कोरलं तर अर्धी उरली. त्यातही कोपऱ्याजवळ आणि तुळईच्या खाली तर कधीच नाही, कारण हादरा बसला की पहिली चीर तिथून जाते. लातूरचा भाग १९९३ पर्यंत भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. मित्र म्हणाला, "नकाशा बदलायला नऊ वर्षं लागली. भिंत कोरायला दोन तास लागतात." कोनाडा हवाच असेल तर घर बांधतानाच सांगावं, म्हणजे त्याच्या वर लिंटेल घालून गवंडी तो नीट करतो. नंतर हातोडी घेऊ नये.

जिन्याखालची जागा हा वेगळाच प्रकार आहे. आमचा जिना आतून आहे, तीन फूट रुंद. त्याखाली एका टोकाला माणूस उभा राहील एवढी उंची आणि दुसऱ्या टोकाला मांजर. बहुतेक घरांत तिथं एक दार लावतात आणि आत घर हरवतं. छत्री काढायला गेलेला माणूस जुना स्टोव्ह घेऊन बाहेर येतो. मामांनी तिथं दार केलंच नाही. जिन्याच्या उतारासारख्या, लहान होत जाणाऱ्या तीन पेट्या केल्या, खाली चाकं. ओढली की पेटी पूर्ण बाहेर येते आणि तिन्ही बाजूंनी हात पोचतो. सर्वांत बुटक्या पेटीत माझे चारशे कवितासंग्रह, फरशीला टेकून. दरवर्षी कुणाला तरी भेट देतो. आता तीनशे दहा उरलेत.

काही चुकाही झाल्या. पुढची भिंत नवी होती, तिला पहिल्या दोन पावसाळ्यांत ओल आली. कपाटाची पाठ भिंतीला घट्ट चिकटवलेली, त्यामुळे दाराजवळच्या खालच्या फळीवरच्या दिवाळी अंकांना बुरशी धरली. मग मामांनी पाठ काढून अर्ध्या इंचाच्या पट्ट्या मारल्या, म्हणजे मागून हवा खेळते. खाली शहाबादीचा तीन इंची ओटा आधीच होता, म्हणून वाळवी आली नाही. दारांचं गणितही एका ठिकाणी चुकलं. भांड्यांचं दार उघडलं, की ते खोलीच्या दाराला धडकायचं. जमिनीवर खडूनं दाराचा फेरा आखून पाहिला असता तर कळलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं ते. शेवटी तिथं सरकतं दार बसवावं लागलं आणि त्याचे पैसे वेगळे.

लातूरला गेलो, की मी गंजगोलाईत हमखास फेरी मारतो. गोलाभोवती सोळा रस्ते फुटतात. दोन रस्त्यांच्या मधल्या जागा आपोआपच पाचरीसारख्या निघतात. पाचरीत नुसतं राहणंच नाही, धंदाही करता येतो हे तिथं कळतं. व्यापारी सामान लावताना पाहावा. जड पोती खाली, रोज लागणारं कमरेपासून डोळ्यापर्यंत, आणि वर फक्त हलकं, टोपल्या, झाडू, प्लास्टिकच्या बादल्या. ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. दिवसातून शंभरदा हात वर करावा लागला, की खांदा शिकवतो.

फुफी आता नाही. २०१५ साली गेली. तिची लांब पेटी अजून तिच्या मुलाच्या घरी आहे.

आणि २१ मार्च २०२४ ची सकाळ. रमजानचा महिना. सहरी करून, फजरची नमाज पढून आम्ही पुन्हा आडवे झालो होतो. सहाच्या पुढं आठ-दहा मिनिटं झाली असतील. आधी भांड्यांची किणकिण ऐकू आली. मला वाटलं मांजर. मग खाट हलली. हिंगोली जिल्ह्यात केंद्र होतं, ४.५ रिश्टरचा धक्का, आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. नांदेड, परभणी, हिंगोली सगळीकडे माणसं रस्त्यावर आली. मी बाहेर जाण्याआधी पाच फुटी टोकाकडे धावलो. थोरली तिथंच झोपली होती, वीस वर्षांची. तिच्या डोक्यावर सात फूट उंचीवर काही नव्हतं. रंगाच्या दोन थरांखालून मामांच्या खडूची रेघ अजून जराशी दिसते, तेवढीच.

तो माळा त्या धक्क्यानं पडलाच असता, असं मी म्हणत नाही. अँगल मजबूत असते तर राहिलाही असता. १९९३ च्या पुढं ४.५ म्हणजे फारच लहान. पण त्या दहा-अकरा मिनिटांत, पहिला धक्का झालाय आणि पुढचा येणार की नाही हे माहीत नसताना, आम्ही चौघं रस्त्यावर उभे होतो. तेव्हा मी घरातल्या एकेका फळीची मनातल्या मनात उंची मोजत होतो.

आत आलो तेव्हा दोन गोष्टी झालेल्या दिसल्या. बेडरूममधलं लोखंडी कपाट, जे तयार आणलं होतं आणि भिंतीला बांधलं नव्हतं, ते भिंतीपासून बोटभर पुढं सरकलेलं. आणि जिन्याखालची बुटकी पेटी चाकांवर घरंगळून हातभर बाहेर आलेली, तीनशे दहा कवितासंग्रहांसह.

मामांना फोन केला. आता त्यांचं वय झालंय, मुलगा काम बघतो, पण ते स्वतः आले. लोखंडी कपाटाला वरून दोन एल-पट्ट्या मारून भिंतीशी पक्कं केलं. जिन्याखालच्या दोन पेट्यांना कड्या बसवल्या. तिसऱ्या, कवितांच्या पेटीपाशी बसले, ती आत ढकलली, पुन्हा ओढली, आणि मला म्हणाले, "भाई, हिला कडी कशाला? एक दिवस स्वतःहून भाईर आली, तर येऊ द्या की."

मी कडी लावून घेतली.